शिक्रा आला म्हणून मी थाळी वाजवली



चातुर्मासातल्या पदार्थांवर लिहायचे ठरवले होते, पण महिनाभर एक गोष्ट मनातून जात नाही. ती आधी सांगते.

त्या दिवशी सकाळी सामायिक झाली, मुहपत्तीची घडी घालत होते, तेवढ्यात बाहेर एकदम फडफडाट झाला. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर बसलेली वीस-पंचवीस कबुतरे एका झटक्यात उडाली आणि साळुंक्या ओरडायला लागल्या. बाल्कनीत जाऊन पाहते तो काय, आमच्या मधुमालतीच्या वेलाखाली कंपाउंडच्या भिंतीवर एक राखी रंगाचा पक्षी बसला होता आणि त्याच्या पंजाखाली बुलबुल. त्या बुलबुलांच्या जोडीने आमच्याच वेलात घरटे केले होते. रोज सकाळी मी त्यांच्यासाठी पाणी ठेवत होते.

मला काही सुचेना. स्वयंपाकघरातली स्टीलची थाळी घेतली आणि उलथन्याने बडवायला लागले. पक्षी दचकला, बुलबुल टाकून उडून गेला. मी धावत खाली गेले, बुलबुलाला ओंजळीत घेऊन वर आणले, सुती फडक्यावर ठेवले, शेजारी बसून नवकार म्हणत राहिले. अर्ध्या तासात त्याने मान टाकली.

त्याच दुपारी तोच पक्षी पुन्हा आला आणि समोरच्या सोनमोहरावरून दुसरा बुलबुल घेऊन गेला. बहुधा जोडीतलाच. या वेळी मी थाळी वाजवली नाही. नुसती बघत उभी राहिले.

मी नगरच्या कॉलेजातून बी. कॉम. केले, त्याला चाळीसहून जास्त वर्षे झाली, पण जमाखर्च मांडायची सवय गेलेली नाही. रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा हिशेब आपोआप डोळ्यांसमोर आला. मी थाळी वाजवली नसती तर त्या दिवशी एक जीव गेला असता. वाजवली म्हणून दोन गेले. पहिला माझ्या मांडीशी तडफडून गेला आणि कोणाच्या पोटातही गेला नाही. मी जिला दया समजत होते, ती दया होती की मला ते दृश्य बघवत नव्हते, एवढेच होते?

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात दुसऱ्या दिवशी हाच विषय. समोरच्या भाभी म्हणाल्या, "फटाके लावून हाकला त्याला, रोज पाप बघायचे का?" एकीने तर पकडणारा माणूस बोलवायचे सुचवले. पहिली गोष्ट म्हणजे असे करणे गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा आहे आणि शिकारी पक्ष्यांना पकडायला, इजा करायला त्यात मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला आता वाटते की आपण चुकीच्या आरोपीला पकडतो आहोत.

आधी हा पक्षी कोण ते सांगते, कारण आपण सगळ्यांना सरसकट 'घार' म्हणून मोकळ्या होतो. तो शिक्रा होता. साधारण कबुतराएवढा, पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे पिवळे किंवा लालसर. झाडीत लपून बसतो आणि अचानक झेप घेतो. सरडे, पाली, मोठे किडे, उंदीर, छोटे पक्षी हे त्याचे खाणे. पूर्ण वाढलेले कबूतर वजनाने बहुतेक वेळा त्याच्याहून जड असते, त्यामुळे ते त्याच्या हाती क्वचितच लागते. घार वेगळी. ती मोठी, तपकिरी, शेपटीला मध्ये खाच असलेली. आकाशात घिरट्या घालते आणि मासळीबाजार, कचऱ्याचे ढीग, मेलेले उंदीर यांवर जगते. आजारी कबूतर किंवा पिल्लू सापडले तर उचलते. उडत्या कबुतरांची खरी शिकार करतो तो बहिरी ससाणा. तो थंडीत आपल्याकडे येतो, उंच इमारतींवर आणि टॉवरवर बसतो आणि वरून सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. आणि हो, पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो, पण तो कोकिळेच्या कुळातला बिचारा किडे-अळ्या खाणारा. त्यालाही आपण उगाच हाकलतो.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. हे पक्षी आपल्या बागेतल्या चिमण्या-बुलबुल संपवतील का?

इंग्लंडमध्ये याचा अनुभव नकळत घेऊन झाला आहे. तिथे आपल्या शिक्र्यासारखाच एक पक्षी आहे, चिमण्या मारणारा. १९५०-६० च्या दशकांत शेतीतल्या डीडीटीसारख्या विषांमुळे त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, पक्षी मेले आणि देशाच्या मोठ्या भागातून ते नाहीसेच झाले. मग बागेतले छोटे पक्षी वाढले का? नाही. विषांवर बंदी आल्यावर शिकारी पक्षी परतले, तेव्हा छोटे पक्षी संपले का? तेही नाही. कारण बुलबुलाच्या एका जोडीची दरवर्षी अनेक पिल्ले होतात. ती सगळी जगली तर चार वर्षांत झाडावर बसायला जागा उरणार नाही. त्यातली बरीच भूक, पाऊस, मांजर, कावळा यांतून जातातच. किती जगतील हे शेवटी ठरते ते खायला किती आहे आणि घरटे करायला जागा किती आहे यावर.

म्हणजे बुलबुल कमी होतात ते वेल छाटल्याने, बागेत औषध फवारल्याने, सोसायटीतल्या झाडांच्या फांद्या ऐन घरट्यांच्या दिवसांत तोडल्याने. आमच्याकडे गेल्या वर्षी पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या, तेव्हा खाली दोन घरटी पडली होती. त्या वेळी कोणी थाळी वाजवली नाही. मीही नाही.

उलट शिकारी पक्षीच आज अडचणीत आहेत. देशभरातल्या सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. सर्वांत जास्त घटलेल्यांत शिकारी पक्षी आहेत आणि भरभराटीत आहे ते आपले कबूतर.

इथे मला माझ्या घराकडे यावे लागते.

मशीद बंदरचा दाणाबाजार वाशीला आला तसे आम्हीही इकडे आलो. घरात धान्याचा व्यापार, त्यामुळे दाण्याला तोटा नव्हता. चाळणीखालची ज्वारी, बाजरी, फुटका तांदूळ हे दर आठवड्याला पिशवीतून आणायचे आणि मी ते गच्चीवर टाकायचे. सुरुवातीला दहा-बारा कबुतरे यायची. नंतर शंभरावर. लग्नाचा वाढदिवस, वडिलांची पुण्यतिथी, नातवाची परीक्षा, सगळ्याला कबुतरांना दाणे. मनाला फार बरे वाटायचे. दहा मिनिटांत पुण्य पदरी पडल्यासारखे वाटायचे.

मग ठाण्याच्या जाऊबाईंचा खोकला सुरू झाला. सहा महिने सर्दी, ॲलर्जी, दमा, सगळी औषधे झाली. शेवटी फुप्फुसाच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरे आहेत का?" त्यांच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर एसीच्या यंत्रावर कबुतरांची वसाहत होती. वाळलेली विष्ठा आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि हळूहळू ती निबर होत जातात. आज जाऊबाई पायऱ्या चढू शकत नाहीत. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा मी गच्चीवर दाणे टाकताना त्या माझ्याशेजारीच उभ्या असायच्या, हे मी विसरू शकत नाही.

कबुतराचा स्वतःचा काहीच दोष नाही. तो मुळात कड्याकपारींतला पक्षी. आपण त्याला हजारो कपारींच्या इमारती बांधून दिल्या. जोडी एका वेळी दोन अंडी घालते, अठरा-एकोणीस दिवसांत पिल्ले बाहेर येतात, महिनाभरात उडतात. आणि इतर पक्ष्यांसारखा एक हंगाम नाही. खाणे भरपूर असले तर वर्षभर एकामागून एक विणी चालू. खाणे कुठून येते? माझ्या पिशवीतून.

आणि एवढे पक्षी रोज एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी गोळा झाले, की शिकारी तिथे येणारच. कबुतरांबरोबर चिमण्या, होले, साळुंक्याही येतात. शिक्र्याला आमच्या सोसायटीचा पत्ता देणारी मीच. मीच पंगत वाढली आणि न बोलावलेला पाहुणा आला म्हणून थाळी वाजवली.

काही जणी म्हणतील, मग बरे आहे, ससाणे वाढू देत, कबुतरे कमी होतील. तसेही होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझल नावाचे शहर आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली. वाचतानाही अंगावर काटा येतो. पण उपयोग शून्य. कबुतरे तेवढीच राहिली, वीस हजारांच्या आसपास. जितकी मारली तितकी नवी पिल्ले जगली, कारण दाणे तेवढेच पडत होते. मग १९८८ पासून त्यांनी लोकांना समजवायला सुरुवात केली की कबुतरांना खाऊ घालणे हे त्यांच्यावर उपकार नाहीत, त्याने दाटी होते, रोग होतात, पिल्ले हाल होऊन मरतात. खाणे कमी झाले तशी वीण कमी झाली, आणि चार-सव्वाचार वर्षांत संख्या जवळपास निम्मी झाली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते. हिंसेने झाले नाही ते हात आवरल्याने झाले. आपल्या धर्माला याहून जवळचा उपाय कोणता?

आपल्याकडे 'जयणा' हा शब्द रोज कानावर पडतो. चालताना, बोलताना, पाणी गाळताना जयणा. मग दाणे टाकताना कुठे गेली? मी टाकायचे त्या ज्वारीत कधी कधी टोके असायचे. पावसाळ्यात उरलेले दाणे भिजायचे, बुरशी यायची, मुंग्यांच्या रांगा लागायच्या, रात्री उंदीर-घुशी. सकाळी साफसफाईवाली बाई येऊन सगळ्यावर फिनेलचे पाणी ओतायची. ते तिने केले, पण करायला मी लावले. घरात रात्री दिवा उघडा ठेवत नाही, भाजी निवडताना अळी निघाली तर पानासकट बाहेर ठेवतो, आणि गच्चीवर रोज असंख्य जीवांची उत्पत्ती आणि संहार. याचा हिशेब मी वीस वर्षांत कधी मांडला नव्हता.

२०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. १९३३ पासूनची ती जागा. आरोग्याच्या कारणाने बंद करायचे ठरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, महापालिकेने ताडपत्री घातली आणि ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली. त्यात आपली माणसे होती. त्यांची तळमळ मी समजू शकते. अचानक एका दिवसात दाणे बंद केल्याने कबुतरे तडफडतील ही भीती खोटी नव्हती, आणि प्रशासनाने हे काम टप्प्याटप्प्याने करायला हवे होते असे मलाही वाटते. पण ज्या चौकात आजूबाजूला माणसे राहतात, त्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, तिथे जीवदयेच्या नावाने झटापट व्हावी याचे मला वाईट वाटले. शेजारच्या घरातला खोकणारा माणूसही पंचेंद्रिय जीवच आहे.

त्या दिवसांत आपल्या अनेक ग्रुपवर मेघरथ राजाची गोष्ट फिरत होती. शांतिनाथ प्रभूंचा आधीचा भव. भ्यालेले कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, मागून ससाणा येतो. गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण सांगताना अर्धीच सांगतो. कबूतर वाचले, एवढेच लक्षात राहते. हेमचंद्राचार्यांनी सांगितलेल्या कथेत ससाणाही बोलतो. तो विचारतो की याला वाचवतोस, तर भुकेने मी मरेन त्याचे काय? माझ्यावर दया का नाही? आणि राजाला हा प्रश्न खरा वाटतो. तो ससाण्याला हाकलत नाही, पापी म्हणत नाही, थाळी वाजवत नाही. तराजूत स्वतःच्या अंगाचे मांस घालतो.

मला त्या गोष्टीचा अर्थ साठी उलटल्यावर कळला. राजाने दोघांचाही जीव धरला आणि किंमत स्वतः मोजली. आपण करतो ते याच्या बरोबर उलट. एका जिवाचे लाड, दुसऱ्याचा तिरस्कार, आणि किंमत मोजणार शेजारी.

दिल्लीला चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचा पक्ष्यांचा दवाखाना आहे. हजारो पक्षी तिथे बरे होऊन गेले, अभिमान वाटावा असे काम. पण मांसाहारी पक्ष्यांना तिथे इतरांसारखे आत ठेवून घेत नाहीत. दिल्लीतल्याच नदीम आणि सौद या भावांनी लहानपणी एक जखमी घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली होती, ती मांस खाते म्हणून घेतली गेली नाही. पुढे त्या भावांनी घरातच घारींवर उपचार सुरू केले आणि हजारो घारी वाचवल्या. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ चा, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मी तो मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला आणि मान खाली गेली. मांस हाताळायचे नाही हा नियम मला समजतो, मीही हाताळणार नाही. पण घार मांस खाते हा तिचा गुन्हा आहे का? तिला दुसरा पर्यायच नाही. तिर्यंच गतीतला जीव, मिळालेल्या देहाप्रमाणे जगतो. पर्याय आहे तो आपल्याला. चंडकौशिकाला महावीर प्रभूंनी साप म्हणून नाकारले नव्हते.

मग करायचे काय? मी काय करते ते सांगते, पटले तर घ्या.

दाणे मी एकदम बंद केले नाहीत. पहिल्या महिन्यात निम्मे, दुसऱ्यात पाव, मग रोजचे एक दिवसाआड, आणि असे करत चार महिन्यांत थांबवले. कबुतरे मेली नाहीत, पांगली. ज्यांना सोडवतच नाही त्यांच्यासाठी मुंबई महापालिकेने ऐरोली-मुलुंड जकात नाक्याच्या बाजूसारख्या काही ठरावीक जागा आणि सकाळची वेळ दिली होती. घरांपासून दूर, नियमात राहून केलेले वेगळे. खिडकीत, गच्चीत, रुग्णालयासमोर नको. दाण्यांचे जे पैसे वाचतात ते मी डब्यात टाकते.

पाणी मात्र ठेवते. उथळ मातीच्या भांड्यात, रोज घासून, गाळून. ते सगळ्यांसाठी आहे. शिक्राही एकदा येऊन पिऊन गेला. वेल छाटायचा तर आधी घरटे आहे का ते पाहते, आणि सोसायटीच्या सभेत फांद्या छाटण्याचा महिना ठरवताना हे बोलते.

संक्रांतीच्या दिवसांत मांजा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो मिळतो. त्यात आकाशात उंच फिरणाऱ्या घारी अडकतात, आणि कबुतरेही. डब्यातले पैसे मी या काळात जखमी पक्ष्यांच्या उपचारांना देते आणि कोणता पक्षी म्हणून विचारत नाही. जखमी पक्षी सापडला तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लिहून फ्रीजवर लावा.

घरात यावर मतभेद झालेच. हे अजून अधूनमधून म्हणतात, "आईच्या काळापासूनची रीत तू मोडलीस." सासूबाई नगरच्या वाड्यात मूठभर दाणे टाकायच्या. अंगण होते, दहा चिमण्या होत्या, मूठभर दाणे संध्याकाळपर्यंत संपायचे. त्यांच्या मुठीत जयणा होती. माझ्या पिशवीत ती नव्हती. रीत त्यांचीच ठेवायची तर पिशवी सोडायला हवी, असे मी त्यांना सांगितले. पुरते पटलेले नाही, पण बाजारातून पिशवी येणे थांबले आहे.

शिक्रा अजून येतो. सोनमोहराच्या फांदीवर बसतो, मान वळवून खाली बघतो. परवा त्याने सरडा नेला. मला आनंद झाला असे नाही, पण थाळीकडे हातही गेला नाही. बुलबुलांची नवी जोडी मधुमालतीत ये-जा करते आहे. त्यांचे काय होईल ते माझ्या हातात नाही.

संवत्सरीला आपण सगळ्या जिवांची क्षमा मागतो. यंदा मी यादीत तीन नावे वाढवणार आहे. जाऊबाई, तो बुलबुल आणि त्या दिवशी उपाशी उडालेला शिक्रा.

मिच्छामि दुक्कडम्.